टाच उचलत नाही

९ ऑक्टोबर

पाइप कंपनीवाले दरवर्षी दुकानदारांना डायरी देतात. आमच्याकडे ती कोरीच रद्दीत जायची. आज काढली. सिंधूला जाऊन दोन महिने झाले. लोक भेटायला येतात, बसतात, मी चहा देतो. बोलता येत नाही. म्हणून लिहून बघतो.

सिंधू डेंग्यूने गेली, लातूरच्या दवाखान्यात. शुद्धीत होती तोवर एकच म्हणाली, "सृष्टीची भरती बुडू देऊ नका." माझ्याबद्दल काही म्हणाली नाही.

सृष्टी आमची एकुलती एक. बी.ए. झाली, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे जळकोटच्या ग्राउंडवर अकॅडमीच्या मुलामुलींबरोबर पळते. आधी सिंधू सोबत जायची. मला हल्ली उठावंसंच वाटत नाही. आज सृष्टी खाटेपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अप्पा, उठा. माझा टाइम कोण घेणार?"

टाइम अकॅडमीचे सर घेतात. बहुतेक अंधारात एकटीने जायची तिला भीती वाटत असावी.

१४ ऑक्टोबर

अकॅडमी चालवणारे सुगत सर फौजेतून निवृत्त झालेले आहेत. आवाज मोठा, मन चांगलं. मला बघून म्हणाले, "काका, दुकान उघडत न्हाई म्हणं तुम्ही? लोकं पाण्याच्या मोटारीचं सामान आणायला उदगीरला जाऊन राहिलेत."

मी म्हटलं, उघडतो.

सृष्टीची मैत्रीण ऋतुजा तिथे असते. बारीक अंगाची, तोंडाने फटकळ. सगळे बैठका मारत होते तेव्हा म्हणाली, "सर, माझ्या पायाच्या काठ्या आन् हिच्या पोटऱ्या बघा. खांब हायेत. हिला पोलिसात नका धाडू, कुस्तीला धाडा."

सर म्हणाले, "खांब हायेत म्हणूनच एका जागी उभी राहती का काय, विचार तिला."

सगळे हसले. सृष्टीही हसली. तिच्या पोटऱ्या खरंच भरल्या आहेत. मेहनत अंगी लागते आहे. सिंधूला हे दिसायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर

लोह्याहून अक्का आली होती, सोबत शिवमूर्ती. अक्का, म्हणजे नागुबाई, माझी सख्खी थोरली बहीण आणि सिंधूची आई. आमच्यात मामाला भाची देतात, तशी तिने मला सिंधू दिली. लग्नानंतरही वर्षभर सिंधू मला चुकून मामा म्हणायची. शिवमूर्ती सिंधूचा धाकटा भाऊ. लोह्यात त्याचं खताचं दुकान आहे. अजून लग्न झालेलं नाही.

जेवणं झाल्यावर अक्का म्हणाली, "संगू, सिंधूचं वर्स व्हायच्या आत उरकायला पायजे. न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागतं."

"काय उरकायचं?"

"शिवाचं आन् सृष्टीचं. मामा हाय तो, हक्क हाय त्याचा. तुला न्हाई दिली का मी माझी लेक? काय बिघडलं?"

बिघडलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "तिची भरती आहे, अक्का."

"असू दे की. लागली तर मी एक शब्द बोलणार न्हाई, खुशाल वर्दी घालू दे. पण न्हाई लागली तर पोरगी माझ्या घरात येईल. शब्द दे."

लेक गमावलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी शब्द दिला. शिवमूर्ती खाली मान घालून सुपारी कातरत होता.

ते गेल्यावर सृष्टी म्हणाली, "अप्पा, शिवामामाने मला कडेवर घेऊन जत्रा दाखवलीय."

"हो."

"मग?"

ती भरतीत निवडली गेली तर प्रश्नच उरणार नाही. आता ती निवडली गेलीच पाहिजे.

५ नोव्हेंबर

तिचा वेग कमी होतोय. दिवाळीआधी ऋतुजाच्या बरोबरीने असायची, आता शेवटी असते. जिन्यावर कठड्याला धरून चढते.

सकाळी वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने स्टूल घेतलं. पूर्वी चवड्यांवर उभी राहून काढायची. मी विचारलं तर म्हणाली, "टाच उचलत नाही, अप्पा." आणि हसली. मी म्हटलं, आळस.

सुगत सर म्हणाले, "काका, अजब हाय. माणूस जेवढं पळतं तेवढे पाय तयार होतात, हे मी शेकड्यांनी पोरांत बघितलंय. हिचं उलटं चाललंय. सगळ्यात जास्ती मेहनत हिची आन् सगळ्यात मागं हीच."

"आईचं दुःख असेल," मी म्हटलं.

"असंल," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

१२ नोव्हेंबर

मोबाइलवर व्यायामाचे बरेच व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगतात. भार वाढवल्याशिवाय स्नायू वाढत नाही. आधी दुखतं, मग ताकद येते. जे दुखतं तेच कामी येतं.

म्हणून ग्राउंड झाल्यावर, अंधार असतानाच, तिला गावाबाहेरच्या घाटात नेतो. चढ तिने पळत चढायचा आणि तसाच उतरायचा. मी स्कूटरवर मागे असतो. चढताना ती रेंगाळते. उतरताना पाय आपटत, अंग सोडून दिल्यासारखी येते. आज अर्ध्यातच बसली. म्हणाली, "अप्पा, बास."

मी म्हटलं, "लोह्याला जायचंय का?"

ती उठली आणि पळाली. तसं बोलायला नको होतं. पण ती पळाली.

२१ नोव्हेंबर

आज सृष्टीने भिंतीकडे बघत सांगितलं, "अप्पा, लघवी काळी होतेय. कोऱ्या चहासारखी." हे तिने सिंधूला सांगितलं असतं. कालपासून ती जेवलेलीही नाही. मांड्या एवढ्या दुखतात की पांघरूण सहन होत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिव्हरचे दोन आकडे बरेच वाढले आहेत. बिलिरुबिन बरोबर आहे, डोळेही पिवळे नाहीत. डॉक्टर थोडा वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, काविळीची सुरुवात दिसते.

तरीच. इतके दिवस पाय का चालत नव्हते ते कळलं. कावीळ बरी होते. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

२३ नोव्हेंबर

देगलूरकडच्या एका गावात मलप्पा म्हणून म्हातारे आहेत, काविळीची माळ घालतात. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलतात. त्यांनी काड्यांची माळ सृष्टीच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत गळ्यात येते म्हणतात.

मलप्पांनी तिचा डोळा ओढून पाहिला. "पिवळं इल्ला," म्हणाले, म्हणजे पिवळं नाही. "आतली हाय. उसाचा रस, भाजके चणे. तेल, हळद बंद. आन् ताई, निजून राहायचं. पळापळ न्हाई."

परत येताना सृष्टी गाडीत झोपली. झोपेत ती सिंधूसारखी दिसते. तिकडे बघवेना.

८ डिसेंबर

माळ गळ्यात आली. लघवी कधीच साफ झाली. पायाचं दुखणंही गेलं. दोन आठवडे ती नुसती पडून होती तरी चेहऱ्यावर तेज आलंय. मलप्पांच्या हाताला गुण आहे. त्यांच्याकडे नारळ पाठवला.

फेब्रुवारीत नांदेडला भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, होईल असं मुलं म्हणतात. दिवस वाया गेले, ते भरून काढायचे आहेत. उद्यापासून पुन्हा घाट.

२२ डिसेंबर

आज ग्राउंडवर गोळा फेकताना सृष्टी पडली. पडण्याचं काही नाही, मुलं रोज पडतात. पण ती उठली कशी ते सगळ्यांनी पाहिलं. आधी पालथी झाली, मग हात टेकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर हात टेकत टेकत उभी राहिली. शिडी चढल्यासारखी. ऋतुजा पुढे झाली. तिने सृष्टीच्या पाठीवरची माती झटकली.

सुगत सरांनी मला बाजूला नेलं. "काका, फौजेत मी कामचोर लई बघितले. ही कामचोर न्हाई. हे काही दुसरंच हाय. नांदेडला नसांच्या डॉक्टरकडं दाखवा. तवर मी हिला पळवणार न्हाई."

"म्हणजे तुम्ही तिला काढता."

"काढत न्हाई. वाचवून राहिलो."

मला त्यांचा राग आला. कावीळ नुकतीच गेली आहे, अशक्तपणा असणारच. पण सिंधू असती तर घेऊन गेली असती.

२९ डिसेंबर

नांदेडला जाऊन आलो. डॉक्टरबाई तरुण आहेत, सृष्टीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी तिला टाचांवर चालायला सांगितलं, ती चालली. मग म्हणाल्या, "आता चवड्यांवर उभी राहा."

सृष्टी उभी राहिली नाही. तिने प्रयत्न केला. टेबलाला धरलं, दात आवळले. टाचा जमिनीला चिकटवल्यासारख्या. एवढं साधं. लहान मूलही खिडकीतून बघायला टाचा उचलतं. मी पायांकडे बघत मनात म्हणत होतो, उचल, उचल.

बाईंनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. मी म्हटलं, "पाय भरलेले आहेत तिचे, व्यायामाने." त्या म्हणाल्या, "सूज आहे ही. काही दिवसांनी इथे मांस राहणार नाही."

मग विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालंय?"

मी म्हटलं, हो, मामा-भाची. त्यांनी ते लिहून घेतलं. सगळ्याच दवाखान्यांत काहीबाही विचारतात.

रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली. अहवाल उद्या. आम्ही इथेच एका लॉजवर राहिलो आहोत.

३० डिसेंबर

स्नायू फुटला की त्याच्यातला एक पदार्थ रक्तात येतो. तो सृष्टीच्या रक्तात माणसात असावा त्याच्या कितीतरी पट आहे. काविळीचे म्हणून दाखवलेले आकडेही स्नायूंमधूनच आले होते. लिव्हरला काही झालेलंच नव्हतं. काळी लघवी म्हणजे फुटलेल्या स्नायूचा रंग.

मी विचारलं, "फुटला कशाने?"

मी पाइपचं दुकान चालवतो हे कळल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक माणूस पळतो, ओझं उचलतो तेव्हा स्नायूच्या पेशींना बारीक चिरा जातात. त्यात वाईट काही नाही. शरीर त्या बुजवतं, आणि बुजवताना पहिल्यापेक्षा थोडं जास्तच मजबूत करतं. व्यायामाने ताकद येते ती अशी. सृष्टीच्या शरीरात बुजवण्याचा माल जन्मापासून नाही. बाकीच्या मुलांचे पाय रोज फुटत होते आणि रोज बांधले जात होते. हिचे नुसते फुटत होते.

"जास्त कशाने फुटतात?"

"दमवणाऱ्या कशानेही. उतारावर पळण्याने सगळ्यात जास्त. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो."

मी म्हटलं, "घाट."

त्या म्हणाल्या, "कुठला घाट?"

सृष्टी पटकन म्हणाली, "काही नाही मॅडम, आमच्याकडे एक घाट आहे."

औषध नाही. बाईंनी ते दोनदा सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून. हलकं चालणं, हातपाय ताठू नयेत म्हणून थोडा व्यायाम, बस. पुढे काठी. आणखी काही वर्षांनी चाकाची खुर्ची. किती वर्षांनी ते नक्की सांगता येत नाही. खात्रीसाठी हैदराबादला रक्त पाठवलं आहे.

बसमध्ये मी तिला खिडकीची जागा दिली. लोहा आलं तेव्हा तिने विचारलं, "आज्जीला आता काय सांगायचं?" मी म्हटलं, बघू. अक्काचं घर स्टँडपासून जवळ आहे. आम्ही उतरलो नाही.

६ जानेवारी

उदगीरहून प्रोटीनचा डबा आणला. कुणीतरी सांगितलं म्हणून निलंग्याकडून तेल आणलं. काल एक जण म्हणाला केरळला बरं करतात, त्याच्याकडून नंबर घेतला, फोन लावला, भाषा कळेना. सृष्टी सगळं निमूटपणे घेते. तेल लावताना मी पोटरीवर हात ठेवतो आणि मला काही कळत नाही, आत काय चाललंय. माझ्या हाताने चिरा जात असतील काय?

तिचे पाय कुणी बिघडवले ते मला माहीत आहे. बाई म्हणाल्या, आजार होणारच होता, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. होणारच होता हे खरं असेल. स्कूटरचा दिवा तिच्या पाठीवर लावून मागून मी चाललो होतो, हेही खरं आहे.

७ जानेवारी

झोप नाही. दुसरं काही नाही.

१९ जानेवारी

ग्राउंड बंद आहे, तरी सृष्टी पहाटेच उठते आणि मला उठवते. "चला, दुकानापर्यंत चालून येऊ. किल्ली घ्या."

मी म्हटलं, "एवढ्या लवकर दुकानात कोण येतं?"

"मोटार बिघडलेला माणूस येतो."

कठड्याला, भिंतीला, माझ्या खांद्याला धरत चालते. मी शटर उचलतो, ती खुर्चीवर बसून मला कामं सांगते, हे पुसा, ते लावा. चालण्याने तिला बरं वाटत असावं. म्हणून मी जातो.

१० फेब्रुवारी

आज नांदेडला ग्राउंड होतं. सृष्टीचंही हॉल तिकीट आलेलं. तिने ते फाडलं नाही, कपाटात ठेवलं. पण ऋतुजाबरोबर जायचा हट्ट धरला. तिघंही गेलो.

आत सोडत नाहीत. गेटबाहेर रस्त्याच्या कडेला सृष्टी ऋतुजाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. आतून शिट्टी ऐकू आली की तिचे पाय हलायचे, नकळत. मी दुसरीकडे बघायचो.

ऋतुजा बाहेर आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. चांगली पळाली होती. ते सांगायला तिची जीभ रेटेना. सृष्टीच म्हणाली, "काठ्या कामाला आल्या म्हण की."

ऋतुजा म्हणाली, "गप गं," आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली.

अक्काचा फोन आला होता. मी उचलला नाही.

२६ फेब्रुवारी

हैदराबादचा अहवाल आला. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन गोल काढले, एक मी, एक सिंधू. प्रत्येक गोलात दोन रेघा, त्यातली एक लाल, म्हणजे बिघडलेली. माझ्यात लाल रेघ एकच होती म्हणून मला काही झालं नाही. सिंधूतही एकच. सृष्टीला दोघांची लाल रेघ मिळाली. बाहेरचं लग्न असतं तर दोन्ही बाजूंनी तीच लाल रेघ येणं फार दुर्मीळ. आमच्या दोघांत ती एकाच घरातून आली होती.

मी शिवमूर्तीशी सृष्टीच्या लग्नाचं विचारलं.

"सृष्टीच्या आईचा सख्खा भाऊ? नाही. अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्यातही असू शकते. घरात सगळ्यांना सांगा."

सगळ्यांना म्हणजे अक्काला. लेक जाऊन वर्ष झालेलं नाही, तिला हे कसं सांगायचं? आपली लेक मला देणारी तीच. सांगितलं नाही तर मात्र मी दिलेला शब्द उभाच आहे.

३ मार्च

अक्का आणि शिवमूर्ती सकाळीच आले. फोन उचलत नाही म्हणून आले. अक्काला बाहेरून कळलं होतं.

ती बसायच्या आधीच म्हणाली, "पोरगी पांगळी होणार म्हून तू तोंड चुकवायलास का? संगू, माझी नात हाय ती. मी तशीच करून घेते. शिवाची बी ना न्हाई."

शिवमूर्ती म्हणाला, "न्हाई मामा, माझी ना न्हाई. मी सांभाळीन तिला." तो मनापासून बोलत होता.

मी म्हटलं, "नको, अक्का."

"का? माझ्या पोरात काय खोट हाय?"

मी शिवमूर्तीकडे पाहिलं.

"शब्द दिलतास तू. आता मूग गिळून बसू नको. खोट काय ती सांग."

मी सांगितलं. कागद, गोल काही काढले नाहीत. म्हटलं, "आजार आपल्या घरातला आहे. आपल्या आईकडून नाहीतर वडिलांकडून तुझ्यात आला, माझ्यात आला. तुझ्याकडून सिंधूत. शिवातही असेल. एका बाजूने आला तर काही होत नाही. सृष्टीला दोन्ही बाजूंनी आला."

शिवमूर्तीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

अक्काने पदर सावरला. मग म्हणाली, "म्हंजे मी सिंधूला तुला दिली, म्हून?"

तिला नाही म्हणावं असं फार वाटलं. पण शिवमूर्ती बसलेला होता. मी म्हटलं, "होय."

"परक्या घरात कशी नांदवतील, कोण काय बोलंल, म्हून दिली न्हाई मी बाहेर. तुझ्या हातात सुखात राहील म्हून दिली."

"सुखात होती."

"हाव," अक्का म्हणाली. "होती."

सृष्टी आतल्या दारात उभी होती, चौकटीला धरून. कधीची ते माहीत नाही. अक्काने तिला हाक मारली, "ये, बस माझ्याजवळ." सृष्टी म्हणाली, "आज्जी, खाली बसले तर उठता येत नाही गं." तेव्हा अक्का स्वतः उठली, गुडघ्यांचा आवाज करत, आणि तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरून उभी राहिली. अक्का रडली नाही. तिने सृष्टीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे कळायच्या आधी गेली सिंधू. बरं झालं."

सिंधू गेल्यापासून लोकांनी मला खूप काही सांगितलं. आयुष्य तेवढंच होतं, देवाची इच्छा, तिला त्रास झाला नाही. त्यातलं एकही मला कधी पटलं नाही. अक्काचं पटलं.

सृष्टीने माझ्याकडे पाहिलं. 'बरं झालं' याला मी नाही म्हणेन, असं तिला वाटलं असावं. मी अक्काचं बोलणं खोडलं नाही.